खांदा धरणारं माणूस

बेलटोला
१२ सप्टेंबर १९७८

वच्छला,

आज सकाळी माझी वेणी यांनी घातली. हो, यांनीच, तुझ्या भासऱ्यांनी. बैलाच्या दाव्याला पीळ घालतात तशी घातली अन् शेवटी गाठ मारून म्हणाले, "झाली पाय." मी "बरी झाली" म्हटलं, डोक्यावरून पदर घेतला अन् गोठ्यात शेण काढायला गेले. तिथं तुझी इतकी आठवण आली की टोपलं बाजूला ठेवून गाईपाशी बसूनच राहिले.

तीन वर्षं झाली तू गेल्याला. मी तुला पत्र टाकलं नाही, तुझंही आलं नाही. भाऊ-भाऊ बोलत नाहीत तर दोघी जावांनी काय करायचं! पण आज राहवलं नाही. तुझा नागपूरचा पत्ता शेजारच्या गिरजाबाईनं मिळवून दिला, तिचा भाऊ तुमच्याच बाजूच्या गल्लीत राहतो म्हणे.

सांगायचं ते असं की माझा उजवा खांदा धरला आहे. रोवणीच्या दिवसांत डोक्यावर धानाच्या रोपांचा, पऱ्ह्यांचा भारा घेऊन बांधाच्या धुऱ्यावरून येत होते. पाय सरकला, हात टेकला अन् आत चर्र झालं. तेव्हा काही वाटलं नाही, रोवणी पुरी केली. मग दुखायला लागलं. दुखते म्हणून हात पोटाशी धरून राहायची सवय लागली, अन् आता हात पोटाशीच राहिला आहे. पोळी लाटता येते, चूल पेटवता येते, लिहिताही येतं, हे पाहूनच राहिली तू. पण कोपर खांद्याच्या वर जात नाही. पाठीमागं तर मुळीच नाही. पोलक्याला बटणं समोरून लावून घेतली. फळीवरची पितळेची भांडी यांनी उतरवून खाली मांडली, त्यामुळं घर सामान बांधून ठेवल्यासारखं दिसते.

गिरजाबाई मोहाच्या टोळीचं तेल गरम करून चोळून देते. जीव लावते बिचारी, पण तिचा हात जड आहे. तू चोळायचीस तेव्हा मी बोलता बोलता झोपून जायची. हिच्यापुढं दात आवळून बसते.

फार दुखत नाही, काळजी करू नको. कुशीवर होता येत नाही एवढंच, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते.

पत्र लिहिल्याचं यांना सांगितलेलं नाही. भाऊजींना सांगायचं की नाही ते तू पाहा. मुलगी झाल्याचं कळलं होतं. बेबी कोणावर गेली तेवढं कळव. तुझ्यावर गेली असेल तर बरं, आमच्या घरची नाकं फार मोठी आहेत.

तुझी जाऊबाई,
धुरपता


बेलटोला
२२ ऑक्टोबर १९७८

वच्छला,

तुझं उत्तर आलं नाही. नसेल लिहायचं तर नको लिहू. मी मात्र लिहीन, कारण एकदा सुरू केल्यावर आता थांबवत नाही.

तुमसरच्या डॉक्टरनं खांद्यात सुई टोचली, ती चार दिवस पुरली. मग आम्ही एसटीनं भंडाऱ्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी हात धरून सगळीकडं फिरवून पाहिला. म्हणाले, "बाई, सांधा आखडून गेला आहे. आतलं आवरण चिकटलं. गोळ्यांनी सुटणार नाही. शेक अन् व्यायाम पाहिजे, तोही शिकलेल्या माणसाच्या हातून. नाही तर हा हात असाच राहील." नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याचं वेगळं खातं आहे म्हणे. दोन-अडीच महिने रोज जावं लागेल.

येताना बसमध्ये मी यांना विचारलं, "नागपुरात राहायचं कुठी?"

हे म्हणाले, "बघू."

हे मी खोटं लिहिलं, वच्छला. "बघू" नाही म्हणाले. म्हणाले, "हात गेला तं गेला. पन मी त्याच्या दारात जाऊन उभा राहत नाही." मग पूर्ण रस्ता खिडकीबाहेर पाहत राहिले. उतरताना मात्र माझ्या हाताला धक्का लागू नये म्हणून दारात आडवे उभे राहिले, मागचे लोक ओरडले तरी हलले नाहीत.

भाऊजींचा राग चुकीचा आहे असं मी कधीच म्हटलं नाही. मामाजी गेले तेव्हा भाऊजींना नागपूरला, रेल्वेच्या नोकरीवर, तार केली होती. पण पाऊस धरून होता, लाकडं ओली होऊन राहिली होती, अन् गावचे म्हातारे सारखे म्हणत होते, किती वेळ ठेवता. यांना त्यांच्यापुढं तोंड उघडता आलं नाही. भाऊजी टेसनावरून चिखल तुडवत आले तेव्हा राख विझत होती. "दादा, माह्यासाठी एक रात्र थांबला नाहीस?" एवढंच विचारलं त्यांनी. हे राखेकडंच पाहत राहिले.  लोक समजतात यांनी मनात राग धरला आहे. राग नाही, लाज आहे.

त्याच दुपारी भाऊजींनी तुला निघ म्हटलं. मी आत मयतीला आलेल्या माणसांना पाणी देत होते. बाहेर आले तर तू बोडीच्या तळ्यापाशी वळणावर पोचली होतीस. एकदा वळून पाहिलंस. मी हाक मारली नाही. घरात सुतक होतं, हाक कशी मारायची! तो हात वर केला असता तर तुला दिसला तरी असता. तेव्हा हा खांदा धड होता.

मी नागपूरला येणार नाही. म्हणून बोलावू नको. फक्त कळवलं.

धुरपता


बेलटोला
१८ नोव्हेंबर १९७८

वच्छला,

भाऊजींचं कार्ड आलं. पोस्टमननं अंगणातच मोठ्यानं वाचून दाखवलं: "वहिनी, दवाखान्यात जाऊन विचारून आलो. कधीही या म्हणतात. घर तुमचंच आहे. इश्वर."

यांचं नाव कुठंच नव्हतं. हे त्या वेळी खळ्यात धान चुरण्याची जागा सारवून घेत होते. कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, पत्त्याकडं पाहिलं अन् खिशात ठेवून दिलं. जेवण झालं. हात धुतल्यावर म्हणाले, "धान कापणं तं होऊन राहिलं. तू असून नसल्यासारखीच आहेस. जाऊन ये."

मी म्हटलं, "तुम्ही चालता?"

"टेसनापर्यंत."

मग कोठीतून चिन्नोर काढून पिशवी बांधायला बसले. मी म्हटलं, एवढे तांदूळ एकट्या हातानं कसे नेऊ? तर म्हणाले, "तिथी कोणी तरी उतरवून घेईनच ना." कोणी तरी म्हणजे कोण ते तुला सांगायला नको.

गिरजाबाई भावाकडं येऊन राहिली, तिच्याबरोबर बसते. तू टेसनावर येऊ नको, बेबी लहान आहे. किंवा ये. दारात भेटण्यापेक्षा तिथं भेटलेलं बरं, दारात मला रडू आवरणार नाही.

येते.

धुरपता


बेलटोला
२५ फेब्रुवारी १९७९

वच्छला,

नीट पोचले. टेसनावर बैलबंडी घेऊन हे आले होते. घर झाडून ठेवलं होतं, फक्त चुलीची राख काढायचं पुरुषांच्या डोक्यात येत नाही.

घर मोठं वाटून राहिलं. तुमच्या दोन खोल्यांत आपण कशा मावलो काय माहीत! इथं माझ्या आवाजालाच मी दचकते. सकाळी उठल्यावर अजूनही कान लावते, नळ आला का म्हणून. इथं कुठला नळ! मग विहिरीवर जाते अन् डाव्या हातानं दोर ओढत बसते.

व्यायाम चालू आहे. दवाखान्यात हातानं चाक फिरवायला लावायच्या त्या आपल्या चाकवाल्या बाईंनी सांगितलं तसं वाकून, हात लोंबता सोडून, लोटा धरून झुलवते. भिंतीवर बोटं चढवते. हे रोज बोटं पोचतील तिथं कोळशानं रेघ मारतात. आढ्याला गडगडी बांधून दोर सोडला आहे, डाव्या हातानं ओढलं की उजवा वर जातो. गावच्या बायका पाहायला आल्या होत्या. एक म्हणाली, "बैल ना बंडी, नुसता दोर!" मीही हसले.

आता जे लिहायचं ते लिहिते. तू नागपुरात विचारलंस तेव्हा मी "काही झालं नाही" म्हटलं होतं. झालं होतं. बेबीला ताप होता म्हणून तू घरी थांबलीस अन् मला दवाखान्यात भाऊजींनी नेलं, त्या दिवशीची गोष्ट. चाकवाल्या बाईंनी आधीपासून धोशा लावला होता की आता गावी जाणार तर घरचं माणूस आणा, मला त्यांना शिकवायचं आहे. मी यांना तसं कार्ड टाकलं होतं, पण हे येतील असं वाटलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगितलं नाही.

आम्ही आत गेलो तर हे बाकावर बसलेले. पहाटेच्या एसटीनं थेट दवाखान्यात आले होते. धोतरावर गावची धूळ, हातात छत्री. भाऊजींना पाहून उभे राहिले. भाऊजी दारातच थांबले. मला वाटलं, आता हे वळतात अन् जातात. कोण वळलं असतं ते मला आजही सांगता येणार नाही.

बाईंना यातलं काय माहीत! मला स्टुलावर बसवलं अन् यांना म्हणाल्या, "तुम्ही मिस्टर ना? या, मनगट धरा. असं. आणि हे कोण, दीर? तुम्ही मागून या. फऱ्याचं हाड इथं आहे, तळव्यानं दाबून धरा. हे वर येऊ द्यायचं नाही. हे वर आलं की सांधा जागचा हलत नाही, नुसता खांदा उचकतो."

भाऊजी लाजले. मी लग्न होऊन आले तेव्हा ते एवढेसे होते, सासूबाई नव्हत्याच, मीच त्यांना आंघोळ घातली, पण आता मोठे झाले. मागून हळूच म्हणाले, "वहिनी, धरू?" मी म्हटलं, "धर रे बापा."

बाई म्हणाल्या, "दोघांनी एकाच वेळी. एकानं घाई केली तर त्यांना दुखेल. घरी गेल्यावर तुम्हाला एकट्यालाच दोन्ही करायचं आहे, म्हणून नीट बघून घ्या."

पहिल्यांदा जमलं नाही. यांनी भरकन उचलला अन् भाऊजींनी दाबलंच नव्हतं. मी ओरडले. दुसऱ्यांदा भाऊजींनी आधी दाबलं अन् यांचा हात पुढं सरेना, भिऊन गेले होते. मग बाई चिडल्या. "अहो, एकमेकांशी बोला की! न बोलता कसं जमेल?"

खोलीत दुसरे पेशंट होते. चाक फिरवणारा म्हातारा थांबून पाहायला लागला. मला समोरची भिंत तेवढी दिसत होती, ना यांचं तोंड, ना भाऊजींचं.  मग मागून भाऊजींचा आवाज आला, "दादा, धरलं म्या. आता उचल."

हे म्हणाले, "किती?"

"वहिनी थांब म्हणन तोवर."

मी थांब म्हटलंच नाही, वच्छला. कळ पाठीतून डोक्यात जात होती, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण मी तोंड मिटून बसले. शेवटी बाईच म्हणाल्या, "बस, बस, पुरे. खूप आला." त्यांना वाटलं मी धीराची आहे.

नंतर भाऊजींनी दोन चहा आणले. एक मला दिला अन् एक बाकावर, यांच्या छत्रीशेजारी ठेवला. यांनी तो पिऊन टाकला. घरी चला असं भाऊजी म्हणाले नाहीत, यांनीही विचारलं नाही. एसटीची वेळ झाली म्हणून निघाले. रिक्षात बसल्यावर भाऊजी मला म्हणाले, "वच्छलाले सांगू नको वहिनी. तिले वाटन सगळं मिटलं. मिटलं नाही." म्हणून मी गप्प बसले. आता सांगितलं. तू त्यांना कळू देऊ नको.

हे रोज सकाळी शेतात जायच्या आधी माझा खांदा धरतात. एक तळवा फऱ्यावर, दुसऱ्या हातात मनगट. छान शिकले. परवा धरता धरता मधेच विचारलं, "इश्वर असाच दाबत होता का?" मी म्हटलं, "थोडं खाली." त्यांनी तळवा थोडा खाली सरकवला.

तुझ्या घरातला आवाज कानातून जात नाही. बेबीला माझा मुका दे. तिला उचलून घ्यायचं राहूनच गेलं.

धुरपता


बेलटोला
१० मे १९७९

वच्छला,

ऊन फार आहे. मोहफुलं वेचून झाली, आता आंब्याची वाट. तू इथं असतीस तर या दिवसांत आपण दोघी मागच्या पडवीत पाणी शिंपडून दुपारच्या पडलेल्या असतो अन् तू मला तुझ्या माहेरच्या त्याच त्या गोष्टी सांगत असतीस. मी त्या ऐकताना कंटाळते असं दाखवायची. आता कोणी सांगत नाही.

हाताचं विचारलंस. थांबला आहे. कोळशाची रेघ महिनाभरापासून एकाच जागी आहे, तिच्यावरच रेघा पडून जाड झाली.

तुला लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. हे शेतात गेले की मी व्यायाम करत नाही. लोटा भरते अन् तुळशीला ओतून देते. परवा यांनी खांदा धरला अन् थांबले. म्हणाले, "तू करून नाही राहिली."

मी म्हटलं, "करते ना."

"म्या रोज धरतो. मले समजत नाही का? दुखते?"

"नाही."

"मग काहून?"

आता काय सांगायचं? पण त्यांचा हात फऱ्यावर होता, अन् मला वाटते माणसाचा हात पाठीवर असला की खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "हात बरा झाला तं मले नागपूरले कोण पाठवन?"

त्यांनी हात काढला नाही. तसेच उभे राहिले. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या, त्यांच्याकडं पाहत होते बहुतेक. मग म्हणाले, "तुले जायचं तं जात जा ना. त्यासाठी लुळं व्हायले पायजे का?" अन् मनगट उचललं. त्या दिवशी त्यांनी मला दुखवलं, मुद्दाम नाही, पण सोडलं नाही. रेघेच्या वर बोटं गेली.

तेव्हापासून मी पुन्हा करून राहिले. आषाढात एकदा येईन म्हणते. हाताच्या निमित्तानं नाही, तशीच. चालेल ना?

ता. क. हे पत्र टाकायचं राहिलं अन् तेवढ्यात तुझं कार्ड आलं. बदली. बिलासपूर. मी दोनदा वाचलं. यांना वाचून दाखवलं. हे विचारत होते, बिलासपूर किती लांब? मी म्हटलं, मला काय माहीत. रेल्वेवाल्यांना कुठंही टाकतात. मी आषाढाचं लिहिलं ते खोडत नाही, राहू दे.

संध्याकाळी हे गिरजाबाईकडं जाऊन विचारून आले. बिलासपूरची गाडी तुमसर रोडवरूनच जाते. थांबते थोडी. कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीनं, कोणत्या डब्यात ते वेळेत कळव. नक्की कळव, वच्छला.

धुरपता


बेलटोला
२ जुलै १९७९

वच्छला,

बिलासपूरच्या पत्त्यावर हे माझं पहिलं पत्र. क्वार्टर मिळालं का? पाणी कसं आहे? बेबीला प्रवासात त्रास झाला असेल.

आम्ही गाडीच्या खूप आधीच जाऊन बसलो होतो. यांनी सकाळी दाढी केली, नवीन सदरा घातला, चिन्नोरचं पोतं बंडीवर चढवलं. मी म्हटलं, एवढं पोतं गाडीत कोण चढवन? म्हणाले, "म्या चढवतो." वाटेत बैल सावकाश हाकले. प्लॅटफॉर्मवर मात्र सारखे उठत, रुळांकडं पाहत, पुन्हा बसत. टेसन मास्तरला तीनदा विचारून आले. शेवटी मास्तर हसून म्हणाला, "काका, गाडी आली की आवाज येते."

तुला खिडकीतून काय काय दिसलं ते मला माहीत नाही, म्हणून मी माझं लिहिते. गाडी आली, डबे पुढं सरकत गेले अन् तुझा चेहरा दिसला तेव्हा मी धावले. या वयात धावले. आपला प्लॅटफॉर्म खाली अन् खिडकी उंच, गजातून तू वाकलेली. तू काही तरी बोलत होतीस, मीही बोलत होते, दोघींचं एकाच वेळी चाललं होतं. मला त्यातलं काही आठवत नाही. बेबी "मोठीमाय" म्हणाली एवढं आठवते. तू शिकवलंस ना तिला? खरं सांग.

तुझं लक्ष माझ्याकडं होतं, म्हणून दाराशी काय झालं ते तू पाहिलं नसशील. भाऊजींनी तुला सांगितलं नसेल तर मी सांगते. यांनी मला घरी येताना बंडीत सांगितलं, मी न विचारता.

हे पोतं पाठीवर घेऊन दाराशी गेले. भाऊजी वर उभे होते. त्यांनी वाकून पोत्याचा एक कान धरला, यांनी खालून रेटलं. पोतं आत गेलं. गार्डानं शिट्टी दिली. हे तिथंच दांड्याला धरून उभे राहिले अन् म्हणाले, "इश्वर, बाबाच्या वेळी म्या थांबाले पायजे होतं."

भाऊजी म्हणाले, "हाव दादा. पायजे होतं."

मी बंडीत विचारलं, "मग?" मला भीती वाटली, एवढंच बोलले असतील तर काय! हे म्हणाले, "मग गाडी हलली. थो दारात माहा हात धरून उभा होता, म्या खाली चालत होतो. म्हणे, दिवाळीले ये, वहिनीले घेऊन. म्या म्हटलं येतो." बैलांना हाकलत सांगत होते, तोंड पुढं होतं, मला फक्त पाठ दिसत होती. थोड्या वेळानं म्हणाले, "त्यानं खोटं नाही म्हटलं. जाऊ दे दादा, असं म्हटलं असतं तं मले राग आला असता."

बोडीजवळ आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रोवणीचे मजूर परत येत होते. आमचं रोवणं पुढच्या आठवड्यात आहे, मी या वर्षी भारा घेणार नाही, नुसती रोवायला बांधीत उतरेन. ते सगळं मी बोलत होते अन् हे ऐकत नव्हते. एकदम बैल थांबवले अन् माझ्याकडं वळले.

"गाडी हलली तवा तू तिच्या गालाले हात लावला," म्हणाले.

"हो. खिडकी उंच होती. टाचा वर करून लावला."

"कोणता हात लावला ते समजलं का तुले?"

मला आठवेना. तुझा गाल आठवत होता, घामानं ओला, अन् गजाचं लोखंड तापलेलं. हात कोणता ते खरंच आठवेना.

"उजवा होता," हे म्हणाले, अन् बैल हाकलले.

तुझी,
धुरपता